करवियलें : बेळगोळचे स्त्रीलेख आणि वाङ्मयेतिहासातील एक उणीव

मराठी भाषेचा इतिहास लिहू पाहणाऱ्या प्रत्येक अभ्यासकास एकदा तरी बेळगोळास जावे लागते. जुन्या म्हैसूर संस्थानातील, आजच्या कर्नाटकाच्या हसन जिल्ह्यातील हे श्रवणबेळगोळ. तेथील गोमटेश्वराच्या सुमारे ५७ फूट उंचीच्या मूर्तीच्या पायाशी नागरी लिपीत दोन मराठी ओळी कोरलेल्या आहेत. पहिलीत मूर्तीचे श्रेय गंग राजांचा मंत्री चावुंडराय यास दिलेले आहे, दुसरीत मूर्तीभोवतीच्या सुत्तालयाचे, म्हणजे आवाराचे, श्रेय होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती गंगराज यास. पहिली ओळ मूर्तीच्या स्थापनेच्या काळची, म्हणजे दहाव्या शतकाच्या अखेरची, की तीही दुसरीबरोबरच बाराव्या शतकाच्या आरंभी कोरली गेली, हा वाद जुना आहे. शके ९३४ मधील अक्षी येथील लेख पुढे आल्यापासून आद्यत्वाचा मानही बेळगोळकडे निर्विवाद राहिलेला नाही. या साऱ्याची चर्चा शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) या ग्रंथापासून आजपर्यंत होत आली आहे, आणि तिची पुनरुक्ती करण्याचा येथे हेतू नाही. आमचे लक्ष वेधले आहे ते त्या ओळींतील एकाच शब्दाने. तो शब्द म्हणजे त्यांचे क्रियापद, ‘करवियलें’.

हे प्रयोजक क्रियापद आहे. चावुंडरायाने मूर्ती केली असे ती ओळ म्हणत नाही, करविली असे म्हणते. मूर्तीच्या पायाशी हेच विधान कन्नड आणि तमिळ भाषांतही कोरलेले आहे, आणि त्या दोन्ही भाषांतही क्रियापद प्रयोजकच आहे. तीन भाषांनी एकमुखाने करविणाऱ्याचे नाव सांगितले. ज्याच्या छिन्नीने तो प्रचंड पाषाण सजीव केला त्याचे नाव त्या ओळींत नाही. म्हणजे ज्या वाक्याला आपण मायबोलीच्या आद्य उद्गारांत स्थान देतो, ते वाक्य कर्त्याची नोंद करीत नाही, कारयित्याची करते. आपला वाङ्मयेतिहास मात्र पुढे जवळजवळ केवळ कर्त्यांचाच झाला. कवी कोण, ग्रंथ कोणता, शक कोणता, या तीन प्रश्नांभोवती तो फिरत राहिला. ग्रंथ कोणी लिहविला, कोणी उतरविला, कोणी राखला, हे प्रश्न तळटिपांत गेले. आणि स्त्रियांचा वाङ्मयाशी असलेला शेकडो वर्षांचा संबंध प्रामुख्याने याच प्रश्नांच्या उत्तरांत दडलेला असल्यामुळे त्याही तळटिपांत गेल्या. बेळगोळचे लेख या उणिवेवर लख्ख प्रकाश टाकतात, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

बी. एल. राइस यांनी १८८९ मध्ये बेळगोळचे लेख प्रथम संग्रहरूपाने प्रसिद्ध केले आणि १९२३ मध्ये आर. नरसिंहाचार यांनी त्यांची मोठ्या प्रमाणावर वाढविलेली आवृत्ती काढली. हा संग्रह इतिहाससंशोधकांनी राजवंशांच्या सनावळीसाठी वाचला, जैन पंडितांनी गुरुपरंपरेसाठी वाचला. त्याचे वाङ्मय म्हणून वाचन झाले ते मुख्यतः कन्नड अभ्यासकांकडून. मराठी वाचकाने आपल्या दोन ओळी टिपून घेतल्या आणि तो डोंगर उतरला. समोरच्या चंद्रगिरीवर आणि खालच्या गावात ज्या स्त्रियांची नावे दगडावर आहेत, त्यांच्याकडे त्याने वळून पाहिले नाही.

ती नावे थोडी नाहीत. १११८ च्या सुमारास गंगराजाची पत्नी लक्ष्मी हिने चंद्रगिरीवर एरडुकट्टे बस्ती बांधविली. त्याच सुमारास गंगराजाने आपली आई पोचव्वे हिच्यासाठी कत्तले बस्ती उभारली. ११२३ मध्ये विष्णुवर्धनाची पट्टराणी शांतलदेवी हिने शांतिनाथाची बस्ती बांधविली. ११३१ मध्ये शांतलेचा मृत्यू झाल्यावर तिची आई माचिकब्बे हिने बेळगोळास येऊन सल्लेखनेने देह ठेवला, आणि तिच्यासाठीही लेख कोरला गेला. ११८१ मध्ये दुसऱ्या बल्लाळाचा मंत्री चंद्रमौळी याची पत्नी आचलदेवी हिने गावात जी बस्ती बांधविली ती आजही ‘अक्कन बस्ती’, म्हणजे थोरल्या बहिणीची बस्ती, या नावाने ओळखली जाते. चंद्रमौळी स्वतः शैव ब्राह्मण होता. पत्नीच्या जिनालयासाठी त्यानेच राजाकडून गाव मागून घेतले. शांतलेचा पिताही शैव आणि माता जैन. पत्नीचा धर्म पतीच्या धर्माहून निराळा असू शकतो, आणि त्या निराळ्या धर्मासाठी ती सार्वजनिक वास्तू उभारू शकते, ही गोष्ट या लेखांत कोठेही अपवाद म्हणून सांगितलेली नाही. ती सहज ओघात येते, आणि म्हणूनच अधिक बोलकी आहे.

हे लेख प्रशस्तिवाङ्मय आहेत. प्रशस्तीची भाषा ठरीव असते आणि तिच्यावर शब्दशः विश्वास ठेवणे भाबडेपणाचे ठरेल, हे मान्य केले पाहिजे. परंतु ठरीव भाषा निरर्थक असते असे मात्र नाही. कोणत्या गुणासाठी कोणती उपमा परंपरेने तयार ठेवली होती आणि कोणत्या गुणासाठी ती नव्याने शोधावी लागली, हे पाहिले की साचाच बोलू लागतो. शांतलेची प्रशस्ती या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. पतिहिताच्या संदर्भात तिला सत्यभामेची उपमा मिळते, रूपसौभाग्याच्या संदर्भात रुक्मिणीची. गीत, वाद्य आणि नृत्य यांत ती सूत्रधार आहे. पण विवेकाचे वर्णन करण्याची वेळ येताच कवी तिला बृहस्पती म्हणतो, आणि तत्काळ सुचणाऱ्या बुद्धीसाठी वाचस्पती. पत्नीत्वासाठी स्त्रीदैवते उपलब्ध होती. बुद्धीसाठी कवीला पुरुषदैवतांकडे जावे लागले. येथे दोन गोष्टी एकदम सिद्ध होतात. बुद्धिमान स्त्रीसाठी परंपरेच्या कोठारात आयती उपमा नव्हती, ही पहिली. आणि तशी स्त्री समोर उभी असल्यामुळे ती उपमा कवीला दुसऱ्या दालनातून उचलून आणावी लागली, ही दुसरी. साच्याला गेलेला हा तडा म्हणजेच व्यक्तीचा पुरावा होय.

तिच्या बस्तीचे नावही असेच विचार करावयास लावणारे आहे. शांतलेच्या बिरुदावरून तिला ‘सवतिगंधवारण बस्ती’ असे म्हणतात. सवतींना मदोन्मत्त हत्तीसारखी, असा त्याचा अर्थ. अंतःपुरातील मत्सराचा शब्द शांतिनाथाच्या मंदिरावर जाऊन बसावा, यात विसंगती आहे खरी. पण एका स्त्रीचे सामर्थ्य सांगण्यासाठी त्या काळाला उपलब्ध असलेली भाषा कोणती होती, हेही त्यातून उघड होते. राजाचे बिरुद शत्रुराजांवरील विजयातून येई. राणीचे बिरुद सवतींवरील विजयातून आले. तथापि एकदा ते मंदिराचे नाव झाल्यावर त्याचा घरगुती अर्थ मागे पडला आणि नऊशे वर्षे ते एका वास्तूच्या कर्तृत्वाची खूण म्हणून टिकले.

आता पुन्हा क्रियापदाकडे येऊ. कन्नडमध्ये भूतकाळी क्रियापद कर्त्याचे लिंग दाखविते. पुरुषाने करविले तर ‘माडिसिदं’, स्त्रीने करविले तर ‘माडिसिदळ्’. वाचकाला नाव लागले नाही, दगड फुटून नामाचा भाग गेला, तरी क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरावरून करविणारी स्त्री होती एवढे तरी कळते. मराठीची रचना याहून वेगळी आहे. सकर्मक भूतकाळात आपले क्रियापद कर्माशी जुळते आणि कर्ता तृतीयेत जातो. ‘करवियलें’ हे रूप चावुंडरायासाठी जसे आहे तसेच ते लक्ष्मीसाठी किंवा आचलदेवीसाठी राहिले असते. आमच्या भाषेत करविणाऱ्याचे नाव पुसले गेले की ती स्त्री होती याचा शेवटचा धागाही तुटतो. म्हणून नाव जपण्याची जबाबदारी मराठी इतिहासकारावर कन्नड इतिहासकाराहून अधिक आहे. व्याकरण त्याच्या मदतीस येणार नाही.

लोककथेने ही उणीव आपल्या परीने भरून काढली आहे. चावुंडरायाने मूर्ती करविली ती आपली आई काळलदेवी हिच्या इच्छेवरून, असे कथा सांगते. पौदनपूरच्या मूर्तीचे दर्शन घेतल्याविना राहावयाचे नाही असा तिचा निश्चय होता, आणि त्या निश्चयातून बेळगोळची मूर्ती निघाली. दुसरी कथा गुळ्ळकायज्जीची. पहिल्या अभिषेकाच्या वेळी कितीही दूध ओतले तरी ते मूर्तीच्या पायांपर्यंत पोहोचेना. एका गरीब म्हातारीने फळाच्या पोकळ सालीतून आणलेले ओंजळभर दूध ओतले आणि मूर्ती नखशिखान्त भिजली. त्या म्हातारीची मूर्ती आज गोमटेश्वरासमोर उभी आहे. या कथा इतिहास म्हणून स्वीकारण्याचे कारण नाही. पण शिलालेखाने करविण्याचे श्रेय मंत्र्याला दिले असता लोकमनाने त्याच्यामागे एक आई आणि त्याच्यासमोर एक म्हातारी उभी केली, ही गोष्ट समीक्षकाने नोंदवावयास हवी. लोकस्मृतीने दगडावरील लेखाचे केलेले हे एक प्रकारचे संपादनच आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. मंदिर बांधविणे हे दानकर्म आहे. त्याचा समाजेतिहासाशी संबंध असेल, वाङ्मयेतिहासाशी कसा? या आक्षेपाचे उत्तर मंदिरांकडून ग्रंथांकडे वळल्यावर मिळते. कन्नड महाकवी पोन्न याचे ‘शांतिपुराण’ अत्तिमब्बेच्या पित्याच्या आणि चुलत्याच्या आश्रयाने लिहिले गेले. त्या काव्याच्या १००० प्रती करवून अत्तिमब्बेने त्या वाटल्या, अशी कन्नड परंपरेची नोंद आहे. रन्नाच्या ‘अजितपुराणा’ला (९९३) आश्रय दिला तो तिनेच, १००७ च्या सुमारास लक्कुंडीची बस्ती बांधविली तीही तिनेच, आणि बेळगोळच्या गोमटेश्वराच्या दर्शनाला जाण्याचे तिचे व्रत रन्नाने काव्यात आणले. ताडपत्रावर एक प्रत उतरण्यास लागणारे दिवस मोजले तर १००० प्रती म्हणजे काय, याची कल्पना येईल. किती लेखक बसविले असतील, किती पाने सिद्ध केली असतील, मूळ प्रत आणि उतरलेली प्रत यांचा मेळ कोणी घातला असेल! मुद्रणपूर्व काळात याला प्रकाशन हाच शब्द योग्य आहे. पुरुषाने असा आश्रय दिला तर आपण ‘राजाश्रय’ या नावाचे प्रकरण लिहितो. स्त्रीने दिला तर ‘दानशूरता’ म्हणून तिचे कौतुक करतो आणि पुढच्या पानावर जातो. कृती तीच, वर्गीकरण मात्र बदलते.

दुसरे उदाहरण मराठी प्रदेशाला अधिक जवळचे आहे. दिगंबर जैनांचा आद्य आगम जो षट्खंडागम, त्यावरील वीरसेनांची ‘धवला’ टीका कित्येक शतके केवळ मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शिल्लक होती. त्या धवलेच्या प्रतीतील प्रशस्ती सांगते की हा ग्रंथ देमियक्क नावाच्या स्त्रीने गुरूंना अर्पण केला. ‘महाबंध’ या सहाव्या खंडाची प्रत मल्लिकब्बे हिने व्रताच्या उद्यापनाप्रीत्यर्थ उतरवून घेतली. विसाव्या शतकाच्या आसपास या ताडपत्रांची प्रतिलिपी करण्याचे काम सुरू झाले तेव्हा ती मूडबिद्रीबाहेर जाऊ नये असा निर्बंध होता. गजपती उपाध्याय यांनी आपली विदुषी पत्नी लक्ष्मीबाई हिच्या साहाय्याने घरी गुप्तपणे एक कन्नड प्रत तयार केली, आणि तीच बाहेर पडली. त्या प्रतीच्या वंशातल्या प्रती पुढे कारंजा आणि अमरावती येथे आल्या. त्यांच्या आधारे १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून धवलेचा पहिला भाग प्रसिद्ध केला. १९६५ मध्ये त्याच षट्खंडागमाचे संपादन सोलापूरच्या पंडिता सुमतीबाई शहा यांनी केले.

ही परंपरा नीट पाहावी. बाराव्या शतकाच्या आगेमागे ग्रंथ उतरविणाऱ्या दोघी, आधुनिक काळात चोरून का होईना तो स्वतःच्या हाताने उतरणारी तिसरी, आणि त्याचे संपादन करणारी चौथी. उतरविणारी, उतरणारी, संपादिणारी, असा हा क्रम आहे. प्रयोजक क्रियापदापासून मूळ क्रियापदापर्यंतचा हा प्रवास नऊशे वर्षांचा आहे आणि त्याचे शेवटचे टप्पे विदर्भात आणि सोलापुरात पडतात. मराठी समीक्षेने त्याकडे धर्मवाङ्मय म्हणून पाहिले असेल, स्त्रियांच्या वाङ्मयीन कर्तृत्वाचा अखंड धागा म्हणून पाहिलेले नाही.

हा धागा केवळ बेळगोळच्या परिसरात किंवा जैनांतच आढळतो असे नाही. राज्यसत्ता हातात नसताना किंवा ती वारंवार हिरावली जात असताना ग्रंथांच्या आधारे जगलेल्या लहान समाजांत तो सर्वत्र दिसतो. त्याचे उत्तम उदाहरण आर्मेनियन समाजाचे आहे. हा समाज आपल्याला अगदीच अपरिचित नाही. मुंबईच्या फोर्ट भागात त्याचे चर्च आहे, आणि जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक ‘अझदारार’ १७९४ मध्ये निघाले ते मद्रासेत. आर्मेनियन हस्तलिखितांच्या अखेरीस ‘हिशातकारान’ नावाचा स्मरणलेख असतो. ग्रंथ कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, कोणत्या संकटात तो कोणी सोडवून आणला, याची नोंद तेथे होते. ग्रंथ लिहवून घेणाऱ्या स्त्रियांची नावे या स्मरणलेखांत येतात. १२७२ मध्ये राणी केरान हिच्यासाठी सिद्ध झालेली शुभवर्तमानाची सचित्र प्रत जेरुसलेमच्या आर्मेनियन मठात आहे, आणि तिच्यात राणीचे सहकुटुंब चित्रही आहे. येरेवानच्या मातेनादारान ग्रंथागारात मूश येथील प्रवचनसंग्रह आहे. १२०० ते १२०२ या काळात लिहिलेल्या या ग्रंथाचे वजन सुमारे २८ किलो भरते. १९१५ च्या संहारात दोन स्त्रियांनी तो दोन भाग करून वाचविला, एक भाग पाठीवर वाहून नेला आणि दुसरा पुरून ठेवला, असे त्याच्याविषयी सांगितले जाते. त्या दोघींनी एक ओळही लिहिली नाही. पण त्यांच्यावाचून ओळी राहिल्याच नसत्या.

आणि तरीही आर्मेनियन स्त्रियांच्या वाङ्मयाचा आरंभ सामान्यतः सांगितला जातो तो स्रपुही दुसाप हिच्या ‘मायदा’ (१८८३) या कादंबरीपासून. आपणही ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) या निबंधाचे नाव अशाच रीतीने घेतो. एका वर्षाच्या अंतराने, परस्परांची वार्ता नसताना, दोन भाषांत दोन स्त्रियांनी पुरुषी न्यायाला प्रश्न विचारला, हा योगायोग मनोहर आहे. या दोन लेखिकांचे मोल तिळमात्र कमी करण्याची आमची इच्छा नाही. परंतु त्यांना आरंभबिंदू मानले की त्यांच्यापूर्वी अंधार होता असे गृहीत धरले जाते. अंधार नव्हता. स्त्रिया ग्रंथाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या होत्या, आणि इतिहासकाराचा दिवा एकाच टोकाला लावलेला होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या स्त्रियांची नावे दगडावर आणि ताडपत्रावर राहिली त्या राण्या होत्या, सेनापतीच्या वा मंत्र्याच्या पत्नी होत्या. करविणे हा धनाचा अधिकार आहे. त्याला वाङ्मयीन कर्तृत्व म्हणून गौरविणे म्हणजे ऐपतीलाच प्रतिभा म्हणणे नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे, आणि गुळ्ळकायज्जीची कथा लोकांनी रचली ती बहुधा याच जाणिवेतून. मंत्र्याच्या घागरींनी जे साधले नाही ते तिच्या सालीतल्या दुधाने साधले. प्रत्येक देणगीदाराला वाङ्मयेतिहासात आसन द्यावे असे आमचे म्हणणे नाही. करविण्याच्या कृतीत निवड किती आहे, विवेक किती आहे, धोका किती पत्करला आहे, हे तपासून तिचे मोल ठरवावे. अत्तिमब्बेने हजार प्रतींसाठी कोणते काव्य निवडले, मूडबिद्रीच्या लक्ष्मीबाईने कोणता निर्बंध मोडला, हे प्रश्न ऐपतीचे नाहीत. ते अभिरुचीचे आणि धैर्याचे आहेत, आणि अभिरुचीचा विचार करणे हे समीक्षेचे स्वतःचे काम आहे.

करविण्याचा अधिकार धनाकडून ज्ञानाकडे सरकला तो एकोणिसाव्या शतकात, आणि या बदलाची साक्षही आपल्या व्याकरणातच आहे. ‘शिकणे’ या क्रियापदाचे प्रयोजक रूप ‘शिकविणे’. १८४८ मध्ये पुण्यात मुलींना शिकविण्यास उभ्या राहिलेल्या सावित्रीबाई फुले यांच्याजवळ सेनापतीचे द्रव्य नव्हते. १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘काव्यफुले’ त्यांच्या लेखणीचे, पण त्यांच्या शाळेतून ज्यांच्या हाती लेखणी आली त्यांचे लेखनही काही अंशी त्यांचेच. पंडिता रमाबाईंचा वृत्तान्त तर बेळगोळच्याच मुलुखाशी जोडलेला आहे. १८५८ मध्ये कर्नाटकातील गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला आणि संस्कृत त्यांना शिकविले ते आई लक्ष्मीबाईंनी. राइस यांचा शिलालेखसंग्रह निघाला त्याच १८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडले. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी छापखाना घातला, आणि आश्रमातल्या स्त्रियांना खिळे जुळविण्यापासून सर्व कामे शिकविली. रमाबाईंनी मुळावरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्या स्त्रियांच्या हातून छापले गेले; १९२२ मध्ये रमाबाई निवर्तल्या आणि १९२४ मध्ये ते पूर्णपणे प्रसिद्ध झाले. भाषांतर करणारी स्त्री, जुळविणाऱ्या स्त्रिया, छापणाऱ्या स्त्रिया. अत्तिमब्बेच्या १००० प्रती कोणी उतरल्या हे कोठे सांगितलेले नाही. केडगावी करणाऱ्या आणि करविणारी एकाच छपराखाली होत्या.

या विवेचनावरून वाङ्मयेतिहासकारापुढे काही कामे उभी राहतात. हस्तलिखितांच्या पुष्पिका आणि प्रशस्ती ग्रंथाच्या अंगभूत भाग म्हणून वाचल्या पाहिजेत. ‘लिहविले’, ‘उतरविले’, ‘छापविले’ या क्रियापदांमागची नावे सूचीत कवींच्या शेजारी आली पाहिजेत. महानुभाव मठांतील पोथ्या, कारंजाचे जैन भांडार, तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय या सर्व ठिकाणी हे वाचन करावयाचे आहे. महदंबेपासून सुरू होणारी लेखिकांची मालिका आपल्याला ठाऊक आहे. तिच्या जोडीने कारयित्रींची मालिका सिद्ध झाल्यावाचून मराठी स्त्रीच्या सांस्कृतिक इतिहासाला पूर्णता येणार नाही.

बेळगोळच्या त्या दोन ओळी आपण अभिमानाने उद्धृत करतो. त्यांतला अभिमान भाषेच्या प्राचीनतेचा आहे, आणि तो योग्यच आहे. पण त्या ओळींनी आपल्याला एक निकषही दिला आहे. ज्याने करविले त्याचे नाव लिहा, असे त्या सांगतात. चावुंडरायाच्या आणि गंगराजाच्या बाबतीत हा निकष आपण निमूटपणे मान्य केला. तोच लक्ष्मीला, आचलदेवीला, देमियक्केला आणि मूडबिद्रीच्या लक्ष्मीबाईला लावावयाचा की नाही, एवढाच प्रश्न उरतो. भाषेचे क्रियापद दोघांना सारखेच आहे.